भेग बुजविण्यापूर्वी : परतवाड्यातील घरे आणि काँक्रीटची दुरुस्ती

सातपुड्याच्या पायथ्याशी, चिखलदऱ्याच्या घाटाची वाट जेथून पुढे जाते, तेथे परतवाडा वसले आहे. उत्तरेस मेळघाटचे डोंगर आणि दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यातील काळी कपाशीची जमीन, अशा दोन भिन्न प्रदेशांच्या शिवेवर हे गाव उभे आहे. एकेकाळी येथे फौजेची छावणी होती, म्हणून या वस्तीला ‘अचलपूर कॅम्प’ असेही म्हटले जाते. मेळघाटच्या सागाची ही नावाजलेली बाजारपेठ. साहजिकच येथील जुन्या घरांत साग सढळ हाताने वापरलेला दिसतो. सागाचे खांब, सागाच्या तुळया, माती-विटांच्या भिंती आणि वर कवेलू, अशी ही घरे. जमीन थोडी हलली तर लाकडाचे सांधे करकरत, भिंतीला एखादी चीर पडे, चार कवेलू सरकत. पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरून घेणे आणि भिंती सारवणे हा दरवर्षीचा नेम होता. घराला दरवर्षी थोडी डागडुजी लागतेच, हे त्या पिढीने गृहीतच धरले होते.

सिमेंट काँक्रीटच्या घराबरोबर हा नेम सुटला. ‘स्लॅब पडली की काळजी मिटली’ अशी समजूत रूढ झाली आणि ती अद्यापही कायम आहे. वस्तुतः काँक्रीटलाही निगा लागते. फरक एवढाच की लाकूड व माती आपले दुखणे लवकर दाखवितात, काँक्रीट ते पुष्कळ दिवस पोटात ठेवते. ओट्याला पडलेली भेग, छज्जाखालून गळून पडलेला सिमेंटचा पोपडा, गच्चीतून झिरपणारे पाणी ही त्या दुखण्याची बाहेर आलेली लक्षणे होत. अशा वेळी गवंड्याला बोलावून भेगेवर सिमेंट फासून घेण्याकडे बहुतेकांचा कल असतो. चार महिन्यांनी भेग पुन्हा त्याच जागी उमटते आणि खर्च केलेले पैसे पाण्यात जातात. त्याहूनही गंभीर गोष्ट अशी की, मधल्या काळात आतील बिघाड झाकला गेलेला असतो आणि घरातील माणसे त्याच छताखाली निर्धास्त झोपत असतात.

काँक्रीट तसे वयाने फार मोठे नाही. जोसेफ ॲस्प्डिन या इंग्रज गवंड्याने १८२४ साली पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले. काँक्रीटमध्ये लोखंड घालण्याची कल्पना रूढ करणाऱ्यांत जोसेफ मोनिए हा फ्रेंच माळी अग्रणी होता. त्याने १८६७ साली फुलझाडांच्या कुंड्यांसाठी तिचे पेटंट घेतले. आपल्या देशात १९१४ साली पोरबंदर येथील कारखान्यातून सिमेंट निघू लागले. पुढे अनेक वर्षे सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. १९८२ साली ते अंशतः आणि १९८९ साली पूर्णतः उठले. परवान्यावर मोजकी पोती मिळत असलेल्या त्या काळात ज्यांनी घरे बांधली, त्यांची घरे आज चाळीस ते पन्नास वर्षांची झाली आहेत. टंचाईत बांधलेल्या घरात सिमेंटचे प्रमाण बेताचे असणे आणि सळईवरचे आवरण कमी राहिलेले असणे संभवनीय आहे. अशा घरांकडे आता अधिक लक्षपूर्वक पाहणे आवश्यक आहे.

भेग कशी वाचावी

प्रत्येक भेग घातक नसते. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या केसाएवढ्या चिरा बहुधा गिलावा लवकर वाळल्याने पडतात, त्यांनी घराला धोका होत नाही. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघून विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारी भेग मात्र पाया हलल्याचे सांगते. गच्चीच्या खाली, स्लॅब जेथे भिंतीवर टेकते तेथे आडवी भेग असेल तर ती उन्हाची करणी समजावी. काँक्रीटची दहा मीटर लांबीची स्लॅब ३० अंश तापली की सुमारे ३ मिलीमीटर लांबते. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात हा व्यवहार रोज दुपारी व रोज रात्री चालू असतो. स्लॅबच्या खालच्या अंगाला सरळ रेषेत, ठरावीक अंतराने भेगा पडल्या असतील आणि त्यांच्या काठाला तपकिरी डाग असतील, तर आतील सळया गंजत आहेत असे निश्चित समजावे. या चौथ्या प्रकारात चालढकल करू नये.

भेग जिवंत आहे की थांबलेली, हे ओळखण्याची एक जुनी रीत आहे. काचेची पातळ पट्टी भेगेवर आडवी ठेवून तिची दोन्ही टोके सिमेंटने किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसने पक्की करावीत आणि शेजारी तारीख लिहून ठेवावी. भेग हलत असेल तर काच तडकते. एक पावसाळा आणि एक उन्हाळा काच शाबूत राहिली तर भेग थांबली असे मानण्यास हरकत नाही. या रीतीला खर्च नाही, फक्त धीर लागतो आणि नेमका तोच कोणाजवळ नसतो. भेगेच्या रुंदीसंबंधी भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत सर्वसाधारणपणे ०.३ मिलीमीटर आणि सतत ओलाव्यात किंवा मातीला लागून असणाऱ्या भागासाठी ०.२ मिलीमीटर अशी मर्यादा दिली आहे. पोस्टकार्डाची कड ज्या भेगेत सहज शिरते, ती भेग या मर्यादेच्या आसपास किंवा पलीकडे आहे, एवढा ढोबळ अंदाज घरच्या घरी बांधता येतो.

पायाखालची जमीन

परतवाड्यात डोंगराच्या बाजूला मुरूम व खडक वर येतात, तर सखल बाजूला काळी जमीन लागते. एकाच वस्तीत एकाचे घर मुरमावर आणि दुसऱ्याचे काळ्या मातीवर, असे घडू शकते. किंबहुना एकाच घराचा एक कोपरा मुरमावर आणि दुसरा काळ्या मातीत असला तर त्या घराचे दुखणे सर्वांत अवघड होऊन बसते. शेजाऱ्याच्या घराला जे चालले ते आपल्याला चालेलच असे नाही. म्हणून ओटा किंवा अंगणातील काँक्रीट उखडल्यास प्रथम खाली कोणती माती आहे ते पाहावे.

काळ्या जमिनीचा स्वभाव शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. उन्हाळ्यात ती अशी भेगाळते की त्यात हात जातो, आणि मृगाचा पाऊस पडताच ती फुगून सपाट होते. या मातीतील चिकण कणांच्या थरांत पाणी शिरले की थर एकमेकांपासून दूर सरतात आणि पाणी गेले की जवळ येतात. जे शेतात घडते तेच ओट्याखाली घडते. फुगणाऱ्या मातीचा वरच्या दिशेने येणारा जोर हलक्या बांधकामाच्या वजनाहून अधिक असू शकतो. म्हणूनच चार मजली इमारतीपेक्षा एक मजली घर, आणि घरापेक्षा त्याचा ओटा, न्हाणी व कुंपणाची भिंत अधिक तडकतात. खोल काळ्या जमिनीत हंगामाप्रमाणे ओलावा बदलण्याची क्रिया सुमारे साडेतीन मीटर खोलीपर्यंत चालते असे धरले जाते. रूडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने या जमिनीसाठी तळाशी घंटेसारखा फुगवटा असलेले खुंटाचे पाये विकसित केले. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत डॉ. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर मध्ये घातला असता काळ्या मातीचा जोर आवरता येतो, हे संशोधनाने दाखविले. कालव्यांच्या अस्तरीकरणासाठी त्याचा उपयोग झाला आहे. घराच्या अंगणापुरता याचा बोध साधा आहे. काळ्या मातीवर काँक्रीट थेट टाकू नये, मध्ये चांगल्या मुरमाचा दाबलेला थर असावा.

येथे एक चूक वारंवार होते. काळी माती काढून तिच्या जागी रेती भरली जाते. रेती फुगत नाही हे खरे, परंतु ती पाणी साठवून ठेवते आणि खालच्या काळ्या मातीला पावसाळाभर पाजत राहते. त्यापेक्षा चिकटपणा असलेला मुरूम चांगला. तो १५ सेंटीमीटरच्या थरांनी पसरावा, पाणी शिंपडून प्रत्येक थर धुमसाने ठोकावा आणि मगच पुढचा थर टाकावा.

हलणाऱ्या जमिनीचा खरा शत्रू असमान ओलावा होय. घराच्या एका बाजूला न्हाणीचे पाणी मुरते आणि दुसरी बाजू कोरडी राहते, गच्चीचे पन्हाळ भिंतीच्या पायथ्याशीच पाणी ओतते, नळाची जोडणी जमिनीत गळत असते, अशी दृश्ये गल्लोगल्ली आढळतात. भिंतीला लागून लावलेले मोठे झाड उन्हाळ्यात मुळांनी पाणी शोषते आणि त्या कोपऱ्याखालची माती आकसते. म्हणून काळ्या जमिनीवरील घराच्या भेगांची दुरुस्ती पुष्कळदा पन्हाळाचा नळ लांबवून, गळती थांबवून आणि घराभोवती मीटर-दीड मीटर रुंदीची उताराची फरसबंदी करून सुरू करावी लागते. भेग त्यानंतर भरावी. क्रम उलटा झाला तर भेग भरण्याचे काम दरवर्षी निघते.

सळई गंजते तेव्हा

ताजे, भरीव काँक्रीट हे तीव्र अल्कधर्मी असते. त्याच्या कुशीत लोखंडी सळईवर एक अतिसूक्ष्म संरक्षक पापुद्रा तयार होतो आणि सळई गंजत नाही. हवेतील कर्बवायू वर्षानुवर्षे आत झिरपत जातो आणि काँक्रीटचा हा गुण बाहेरून आत कमी होत जातो. तो सळईपर्यंत पोहोचला आणि जोडीला ओल असली की गंज सुरू होतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असते. एवढी जागा काँक्रीटमध्ये नसते, म्हणून गंज आतून काँक्रीट फोडतो. पोपडा गळून पडतो तेव्हा बिघाड सुरू झालेला नसतो, तो पुष्कळ पुढे गेलेला असतो.

कर्बवायू कोठवर आला हे पाहण्यासाठी अभियंते फिनॉल्फ्थॅलीन हे शाळेच्या प्रयोगशाळेत असणारे द्रव्य वापरतात. नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटवर ते शिंपडले असता निरोगी भाग गुलाबी होतो आणि निकामी भाग तसाच राहतो. सामान्य गृहस्थाला मात्र एक लहान हातोडी पुरेशी आहे. स्लॅबच्या खालून हलक्या हाताने ठोकीत जावे. भरीव जागी टणत्कार येतो, सुटलेल्या जागी बद्द आवाज येतो. बद्द आवाजाच्या जागा खडूने आखून घ्याव्यात. हे करताना डोक्यावर काहीतरी जाड असावे आणि मुलांना खोलीबाहेर ठेवावे.

या रोगाला पाणी कारणीभूत होते, त्याप्रमाणे मीठही कारणीभूत होते. परतवाड्याच्या दक्षिणेस अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्याचा खारपाण पट्टा पसरला आहे. तेथील विहिरी-बोअरचे पाणी काँक्रीटमध्ये वापरले की क्षार थेट सळईशेजारी जाऊन बसतात आणि तिचा संरक्षक पापुद्रा आतून मोडतात. लोखंडी सळई असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यातील क्लोराइडचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे असे मानक सांगते. बिनसळईच्या काँक्रीटला ही मर्यादा २००० मिलिग्रॅम आहे. पिण्यास योग्य पाणी हेच काँक्रीटला योग्य पाणी, हा नियम लक्षात ठेवण्यास सोपा आहे. उन्हाळ्यात प्यायचे पाणीच दुर्मिळ असते, तेव्हा तो पाळणे सोपे नाही, हेही मान्य केले पाहिजे.

गंजलेल्या छज्जाची किंवा स्लॅबच्या एखाद्या भागाची दुरुस्ती करताना प्रथम खालून टेकू द्यावे. परतवाड्यासारख्या लाकडाच्या गावात बल्ल्यांची वाण नाही, तरीही टेकूशिवाय छन्नी चालविली जाते, हे खेदाने नमूद करावे लागते. टेकू दिल्यावर सुटलेले सर्व काँक्रीट फोडून काढावे. सळईची फक्त खालची बाजू उघडी करून भागत नाही. तिच्या मागे बोट जाईल इतकी, म्हणजे सुमारे २० ते २५ मिलीमीटर जागा मोकळी करावी आणि गंज संपून चकचकीत लोखंड लागेपर्यंत दोन्ही बाजूंस पुढे जावे. मागे राहिलेला गंज नव्या मसाल्याखाली आपले काम चालूच ठेवतो. खाचेच्या कडा उतरत्या न ठेवता काटकोनात कापाव्यात. काठाला पातळ होत गेलेला मसाला प्रथम तिथेच सुटतो. सळया तारेच्या ब्रशाने घासाव्यात. एखाद्या सळईचा पाव हिस्सा गंजाने खाल्ला असेल तर तिच्या जोडीला नवी सळई घालावी लागते. ती किती लांब जोडावयाची हे अभियंत्याने ठरवावे, अंदाजाने ठरवू नये.

त्यानंतर सळईला गंजरोधक लेप द्यावा. जुने काँक्रीट पाण्याने तृप्त करावे, पण पृष्ठभागावर पाणी तरळत राहू देऊ नये. मग एक भाग सिमेंट व तीन भाग स्वच्छ रेती यांच्या मसाल्यात बाजारात मिळणारे पॉलिमरचे दुधाळ द्रव्य कारखान्याने सांगितलेल्या प्रमाणात मिसळून तो थराथराने दाबून भरावा. साधा सिमेंटचा गिलावा जुन्या काँक्रीटला धरून राहत नाही. वाळताना तो आकसतो आणि वर्षभरात टोपीसारखा निघून येतो. पॉलिमरच्या मसाल्याला थोडा खर्च अधिक येतो, परंतु हात राखावयाचा असेल तर तो रंगावर राखावा, येथे नव्हे.

गच्चीवरील ओझे

गळणाऱ्या गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. उतार नीट काढला, भिंतीच्या कडेला गोल वाटा घेतला आणि पाणी साठवून परीक्षा केली, तर हा कोबा अनेक वर्षे चांगले काम देतो. तथापि तो गळू लागला की त्याच्यावरच दुसरा कोबा घालण्याची सवय घातक आहे. चार इंच जाडीच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भरते. वावर असलेल्या गच्चीवर माणसे व सामान यांच्यासाठी जो भार हिशेबात धरतात, तो दर चौरस मीटरला १५० किलो असतो. म्हणजे दुसऱ्या कोब्याने गच्चीवर कायमची गर्दी उभी केल्यासारखे होते, आणि तीही अशा स्लॅबवर की जिच्या सळया गळतीमुळे आधीच झिजल्या आहेत. जुना कोबा काढून, स्लॅब उघडी करून, तिची भेग भरून नवा कोबा करणे हेच योग्य. मोठ्या गच्चीचा कोबा काढताना निघालेला मलबा एका कोपऱ्यात ढीग करून ठेवू नये, तो रोजचा रोज खाली उतरवावा.

गळती फार नसेल तर पाणी जाण्याच्या तोंडांची सफाई, उताराची दुरुस्ती आणि चुन्याचा पांढरा हात एवढ्यानेही पुष्कळ काम भागते. पांढऱ्या गच्चीवरून ऊन परतते, स्लॅब कमी तापते आणि भिंतीच्या सांध्याला पडणाऱ्या आडव्या भेगेचे मूळ कारणच कमी होते.

चुकीचा हंगाम

वऱ्हाडात दुरुस्तीची कामे एप्रिल-मेमध्ये निघतात. कपाशी व तुरीचे पैसे हाती आलेले असतात, लग्नसराई असते आणि पावसाळ्याची भीती डोक्यावर असते. काँक्रीटच्या दृष्टीने मात्र वर्षातील सर्वांत वाईट दिवस हेच. पारा ४४-४५ अंशांवर, गिट्टी व रेती उन्हात तापलेली, सोसाट्याचा कोरडा वारा आणि विहिरींचे पाणी खाली गेलेले. काँक्रीट केवळ वाळल्याने घट्ट होत नाही. सिमेंट व पाणी यांच्या रासायनिक संयोगाने ते घट्ट होते आणि त्यासाठी पाणी त्याच्यात टिकून राहावे लागते. सकाळी टाकलेल्या ओट्यावर दुपारपर्यंत ऊन पडले तर त्याचा वरचा थर अर्धवट राहतो. पुढे तो झाडूबरोबर भुकटी होऊन निघतो.

साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस पाणी द्यावे, कोरड्या व उष्ण हवेत दहा दिवस, आणि राखमिश्रित सिमेंट असल्यास अशा हवेत चौदा दिवस, असे मानकात सांगितले आहे. हल्ली घरबांधणीसाठी दुकानात मिळणारे सिमेंट बहुतांशी औष्णिक वीजकेंद्रांतील राख मिसळलेले असते. हे सिमेंट चांगलेच असते, पण ते सावकाश बळ धरते आणि त्याला पाणी अधिक दिवस लागते. ‘तीन दिवस पाणी मारले, पुरे झाले’ हा हिशेब त्याला लागू पडत नाही. पाण्याची टंचाई असेल तेथे सकाळ-संध्याकाळ पाइपाने पाणी उडविण्यापेक्षा ओले तरट पसरून त्यावर प्लास्टिकचा कागद अंथरावा. कडेला विटा ठेवून वारा आत शिरू दिला नाही तर थोड्या पाण्यात ओल टिकते. शक्य असल्यास दुरुस्तीचे मोठे काम दिवाळी ते शिवरात्र या काळात काढावे. पावसाळ्यात गळती कोठे आहे हे दिसलेले असते, तिच्या खुणा ताज्या असतात, पाणी उपलब्ध असते आणि ऊन सौम्य असते. उन्हाळ्यातच काम करणे भाग असेल तर ते सूर्यास्ताच्या सुमारास सुरू करावे, गिट्टी आदल्या रात्री भिजवून सावलीत ठेवावी.

पाण्याबाबत दुसरी चूक याच्या उलट आहे. टाकल्यानंतर पाण्याची कंजुषी होते, टाकताना मात्र उधळपट्टी. घमेल्यातील माल सहज पसरावा म्हणून मजूर त्यात डबाभर पाणी जास्त ओततात. पन्नास किलोच्या पोत्याला साधारण २५ लिटर पाणी पुरते, रेती ओली असेल तर त्याहून कमी. जादा पाणी पुढे उडून जाते आणि आपल्यामागे सूक्ष्म पोकळ्या सोडते. त्याच वाटांनी पुढे ओल व कर्बवायू आत जातात. सिमेंटच्या पोत्यावर उत्पादनाचा आठवडा व वर्ष छापलेले असते, ते पाहून घ्यावे. तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद सुमारे एक पंचमांशाने कमी होते असे मानतात. सर्दलेल्या पोत्याचे खडे फोडून वापरणे म्हणजे गिलाव्यात माती कालवणेच होय.

दुरुस्ती की नवे काम

कोठवर दुरुस्ती करावी आणि कोठे हात आखडून पाडावे, हा प्रश्न पैशाचा आहे तसाच जिवाचाही आहे. ओटा, अंगण, न्हाणीची जमीन यांसारखा भाग तुकडे-तुकडे होऊन खचला असेल तर त्याच्यावर नवा थर चढवू नये, तो काढूनच टाकावा. छज्जा अर्ध्याहून अधिक पोकळ वाजत असेल तर तो पाडून नवा करणे पुष्कळदा स्वस्त पडते. मात्र छज्जा हा भिंतीवरच्या लिंटेलशी जोडलेला असतो, म्हणून तो पाडण्याचा क्रम जाणकाराने सांगावा. खांब, तुळया आणि मुख्य स्लॅब यांच्याबाबतीत निर्णय गवंड्यावर सोपवू नये. तो अनुभवी असतो, पण भाराचा हिशेब त्याचे काम नाही. स्लॅब मध्यभागी खाली वाकली असेल, खांबाला उभ्या भेगा असतील किंवा दारे अचानक घट्ट बसू लागली असतील, तर प्रथम त्या खोलीतील वावर थांबवावा आणि मगच दुरुस्तीचा विचार करावा. परतवाडा हे अचलपूर नगरपरिषदेच्या हद्दीत येते. धोकादायक बांधकामाची सूचना नगरपरिषदेला देता येते आणि ती शेजाऱ्यानेही द्यावी, त्यात भाऊबंदकी मानू नये. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी, एका रविवारी, अमरावती शहरात प्रभात चौकातील जुनी मोडकळीस आलेली इमारत कोसळून पाच जण मृत्युमुखी पडले. परतवाड्यापासून ते ठिकाण दूर नाही.

खर्चाचा प्रश्न घरकुलात राहणाऱ्यांना सर्वांत अधिक जाणवतो. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आणि मूळ साहाय्य मैदानी भागात १ लाख २० हजार रुपये, तर डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये असे ठरविण्यात आले. ज्या कुटुंबाच्या नशिबी आयुष्यात एकदाच स्लॅब येते, त्याला ती दुसऱ्यांदा टाकणे परवडणारे नसते. अशा घरात पन्हाळाचा नळ लांबविणे व गच्चीवर साचलेला पालापाचोळा काढणे ही कामे बिनखर्चाची आहेत, आणि घर टिकण्याच्या दृष्टीने त्यांचे मोल मोठे आहे.

अंगणाचे उदाहरण

काळ्या जमिनीवरील तीन मीटर लांब व तीन मीटर रुंद अंगणाचे काँक्रीट उखडले आहे असे धरू. जुने काँक्रीट फोडून काढावे, खालची काळी माती निदान फूटभर उपसावी व तेथे मुरूम थराथराने ठोकावा. त्यावर १० सेंटीमीटर जाडीचे एकास दोन-चार प्रमाणाचे काँक्रीट टाकावे. यासाठी सुमारे सहा पोती सिमेंट, ०.४ घनमीटर रेती आणि ०.८ घनमीटर गिट्टी लागते. रेती व गिट्टी घमेल्याने न मोजता ३५ लिटरच्या मापाच्या पेटीने मोजावी. एका पोत्यातील सिमेंट तेवढेच भरते. अंगण याहून मोठे असेल तर दर तीन मीटरवर सांधा सोडावा. सांधा सोडला नाही तर काँक्रीट स्वतःच सांधा पाडते, फक्त तो वेडावाकडा असतो. घराची भिंत आणि अंगण यांच्यामध्येही बोटभर फट ठेवून ती डांबराने भरावी, म्हणजे अंगण हलले तरी भिंतीला ओढ बसत नाही. उतार घरापासून दूर, दर मीटरला दोन सेंटीमीटर असावा.

पृष्ठभागावर कोरडे सिमेंट भुरभुरून गुळगुळीत घोटण्याचा मोह टाळावा. तो थर पुढे सुटतो आणि पावसाळ्यात म्हाताऱ्या माणसांना निसरडाही होतो. लाकडी थापीने खरबरीत राखलेले अंगण अधिक टिकते. दुसऱ्या दिवशी त्यावर जपून चालण्यास हरकत नाही. सायकल किंवा मोटरसायकल आठवड्यानंतर न्यावी आणि बैलगाडी वा ट्रॅक्टर अठ्ठावीस दिवस पुरे होईपर्यंत फाटकाबाहेरच उभा ठेवावा.